तीनवार काका

तीनवार काकांना 'तीन वार' म्हणून सौदा पक्का करायला फार वेळ लागायचा. मिरचीच्या यार्डात लिलाव पुकारण्याचं काम त्यांनी जन्मभर केलं, आणि व्यापारी जन्मभर याच एका गोष्टीवरून त्यांच्यावर वैतागत राहिले. 'एक वार' झटक्यात यायचं, 'दोन वार' त्याच्या पाठोपाठ, आणि मग काका थांबायचे. ढिगाभोवती उभ्या असलेल्या एकेकाच्या तोंडाकडे बघायचे, खिशातून गुळाचा खडा काढून तोंडात टाकायचे आणि म्हणायचे, "पाहा बाप्पा, कोणाच्या पोटात काही असन तर ओठावर आणा. मंग म्हणू नोका, काकानं घाई केली." तेवढ्यात कोणाला तरी राहवायचं नाही आणि भाव शंभर-पन्नासाने चढायचा. की काका पुन्हा 'एक वार'पासून सुरू.

गूळ ठसक्यासाठी. मिरचीच्या यार्डात नवखा माणूस पाच मिनिटांत डोळे पुसत बाहेर पळतो. काका तिथे सकाळपासून दुपारपर्यंत ओरडत असायचे आणि त्यांचा आवाज भिवापूरच्या गाड्या उभ्या राहत तिथपर्यंत स्वच्छ पोचायचा. माझे बाबा त्याच यार्डात मापारी, म्हणजे काट्यावर पोती तोलणारे. ते म्हणायचे, तीनवारच्या पोटात भोंगा आहे. दोघांची दोस्ती अशी की एकाने चहा सांगितला की दुसऱ्याने न विचारता खारी आणायची.

काका कोणाशी हात मिळवत नसत. लग्नात नाही, बाजार समितीच्या निवडून आलेल्या सभापतीशी नाही. दोन्ही हात छातीशी जोडून "जय भीम" म्हणायचे, समोरचा कोणीही असो. एका सभापतीने हात पुढे केला आणि तो तसाच हवेत राहिला, हा किस्सा यार्डात दरवर्षी नव्याने सांगितला जाई. मी एकदा कारण विचारलं. काकांच्या तरुणपणी मिरचीचा सौदा रुमालाखाली व्हायचा. शेतकऱ्याचा माल विकून देणारा अडत्या आणि व्यापारी हातावर रुमाल टाकून एकमेकांची बोटं दाबायचे; किती बोटं, किती पेरं, त्यावर भाव. ज्याचा माल तो शेतकरी शेजारीच उभा, पण त्याला दिसायचा फक्त रुमाल. "माहा बाप असा उभा राहे," काका म्हणाले, "सोताच्याच ढिगापाशी, पावण्यासारखा." पुढे उघडा लिलाव सुरू झाला आणि काकांना पुकारायला उभं केलं. तेव्हापासून कोणाच्या हाताला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. त्यांच्या खांद्यावर कायम एक रुमाल असे. त्याने ते फक्त घाम पुसत.

मला कॉलेजात घालायला तेच आले होते, कारण बाबांना साहेबलोकांपुढे उभं राहायची धास्ती. खिडकीतल्या बाबूने जागा संपल्या म्हणून सांगितलं. काका म्हणाले, "लिस्ट दाखवा." बाबू म्हणाला, लिस्ट आत आहे. काका म्हणाले, "मंग बाहेर आणा. आम्ही थांबून राहिलो." आणि ते खरोखरच गुळाचा खडा तोंडात टाकून थांबले, मागची रांग कुरकुरत असताना. लिस्ट बाहेर आली. तिच्यात माझं नाव होतं. त्या नावावर मी इंजिनियर झाले, आणि जे केलं तेही त्याच नावाने केलं.

नागपुरात सदरला काचेच्या इमारतीत आमची कंपनी होती. आहे. शेतमालाच्या व्यापाऱ्यांसाठी आम्ही एक अ‍ॅप बनवलं. मालाचा फोटो काढायचा, आपण जास्तीत जास्त कुठवर जाणार तो आकडा सकाळी भरायचा, आणि अ‍ॅपमधली कृत्रिम बुद्धिमत्ता सांगणार की या ढिगावर किती बोला आणि कुठे थांबा. मिरचीसाठी हे यंत्र शिकवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी यार्डातली. मीटिंगमध्ये मी ऐटीत सांगितलं की मिरचीचा लिलाव कळणारा माणूस माझ्या घरचाच आहे.

मग मी महिनाभर दुपारी यार्डाबाहेरच्या टपरीवर काकांसमोर फोन ठेवून बसले. काकांनी हातचं काही राखलं नाही. कोणता व्यापारी मिरची फोडून बिया बघतो, कोणता नुसता देठ दाबतो, कोण नाक खाजवलं की अजून दोनशे चढणार, कोण घड्याळ बघतो म्हणजे त्याचं पोट भरलेलं आहे. "हे कोणाच्या कामात येईन वं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "सगळ्यांच्याच, काका. बाजार सुधरेल." ते खूश झाले. माणूस थकतो, मशीन थकत नाही, हे त्यांचं त्यांनीच पुढे जोडलं आणि चहाचे पैसेही त्यांनीच दिले. हे आठवलं की मला आजही मान वर करवत नाही.

हंगाम सुरू झाला. यार्डातल्या जवळपास सगळ्या मोठ्या व्यापाऱ्यांनी अ‍ॅप घेतलं. सगळ्यांचे आकडे आमच्या एकाच भांड्यात पडत होते, आणि यंत्र त्या भांड्यातूनच प्रत्येकाला सल्ला देत होतं. दोन महिन्यांत ते एक गोष्ट आपोआप शिकलं: सगळ्यांना लवकर थांबवलं तर सगळ्यांनाच माल स्वस्त पडतो. कोणी तसं सांगितलं नव्हतं. पण स्क्रीनवरची भावाची रेघ खाली उतरू लागली, तिचा अर्थ मला पहिल्याच दिवशी कळला. ऑफिसात आम्ही त्या रेघेचे पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

एका दुपारी काका सदरला आले. वॉचमनने वर सोडलं नाही, म्हणून मीच खाली गेले. खरं सांगायचं तर त्यांना वर न्यावं लागलं नाही याचं मला बरं वाटलं. खांद्यावर रुमाल होता आणि चेहरा उतरलेला.

"पोरी, दोन वारनंतर कोणी बोलतच नाही," ते म्हणाले. "मी एवढा थांबतो का गूळ विरघळून जाते. समदे मोबाईलात पाहते अन् गप. भिवापूरकडची एक बाई काल ढिगापाशी रडून राहिली होती. चांगला लालबुंद माल वं तिचा."

"काका, मंदी असेल. आणि व्यापारी आपसात बोलतसुद्धा नाहीत हो, आम्ही बघतो ना."

"बोलाचं काम काय? रुमालाखाली तरी कोण बोलत होतं?" मग त्यांनी वर इमारतीकडे पाहिलं. "पहिले ज्याचा त्याचा रुमाल होता. आता एकच आहे, अन् तो तुह्या हापिसात आहे. खरं का खोटं, तेवढं सांग मले."

मी म्हणाले, "बघते मी."

काका हसले. "एक वार," म्हणाले, आणि बसकडे निघाले.

ते गप्प बसणारे नव्हतेच. त्या बाईला आणि आणखी काही शेतकऱ्यांना घेऊन त्यांनी दिल्लीला, बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या आयोगाकडे तक्रार केली. मराठीतला मजकूर काकांचा, इंग्रजी करून दिलं एका ओळखीच्या वकिलाने. चौकशीला अधिकारी नागपूरला आले आणि कंपनीतर्फे उत्तर द्यायला मला पाठवण्यात आलं. मला नुकतंच टीमची प्रमुख केलं होतं. ऑफिसातले साहेब एवढंच म्हणाले होते, "यंत्र तुम्हीच शिकवलंय, लक्षात ठेवा." त्यात धमकी होती की शाबासकी, याचा मी फार विचार केला नाही. भीती होतीच, पण माझं काम चुकीचं ठरू नये, हा गर्व भीतीपेक्षा मोठा होता.

चौकशीच्या खोलीत समोर भिंतीकडेच्या बाकावर काका बसले होते. अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, "एका व्यापाऱ्याने भरलेली माहिती दुसऱ्याला सल्ला देताना वापरली जाते का?"

मी म्हणाले, "प्रत्येक व्यापाऱ्याला त्याचा स्वतंत्र सल्ला जातो. बोली लावायची की नाही, हे तोच ठरवतो."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. अधिकाऱ्यांनी तो लिहून घेतला. माझ्यासारखं गुळगुळीत बोलणारं माणूस त्यांना रोज भेटत असावं. ते पुढच्या प्रश्नाकडे गेले. काकांना मात्र उत्तर नीट कळलं. यार्डात एकेका तोंडाकडे बघायचे तसे ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांचा हात खिशातल्या गुळाकडे गेला होता. ते थांबले होते. मी टेबलावरची पाण्याची बाटली सरळ केली.

बाहेर जिन्यात ते भेटले. रागावतील, बाबांचं नाव काढतील, असं वाटलं होतं. ते म्हणाले, "तुहा बाप काटा पाहे तवा श्वास रोखून धरे, काटा हालू नये म्हून. माहीत आहे ना तुले?" मी मान हलवली. "दोन वार," ते म्हणाले, आणि कठडा धरून हळूहळू उतरले. मी वरच उभी राहिले.

आयोगाचा निष्कर्ष असा आला की व्यापाऱ्यांनी आपसात संगनमत केल्याचा पुरावा मिळत नाही. कारण ते एकमेकांशी बोललेच नव्हते. ऑफिसात या वेळी पेढे आले नाहीत, केक आला. मी डोकं दुखतंय म्हणून उठले. तेवढाच माझा पराक्रम.

काका त्याच वर्षी निवृत्त झाले. मग आजारी पडले, घशातच काहीतरी निघालं. बाबा आता नाहीत, त्यामुळे मला कोणी रेटून नेणारं नव्हतं. मी जाते-जाते म्हणत गेले नाही. काय तोंड घेऊन जाणार, असं मी स्वतःला सांगायचे. आपल्या भित्रेपणाला लाजेचं नाव दिलं की तो जरा बरा दिसतो.

शेवटी मी गेले ती काका वारल्यावर, पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीच्या दिवशी. पाहुणे उठल्यावर काकूंनी मला आत बोलावलं. खुंटीवर तो रुमाल धुऊन टांगला होता.

"आखरीले आवाज पुरा गेला होता वं त्याहीचा," काकू म्हणाल्या. "लय आठवण काढे तुही. मी इचारलं, तिले काही निरोप देऊ का? तं त्याहीनं हात असा वर केला अन् दोन बोटं दाखवली. मी म्हटलं, दोन काय? दोन दिवस? दोन पोळ्या? तं हसले. पुन्हा दोनच बोटं. मले काही समजलं नाही. तुले समजते का?"

बोटांच्या भाषेचा जन्मभर तिटकारा केलेला माणूस. शेवटी त्याला तीच वापरावी लागली, पण हात वर करून, सगळ्यांना दिसेल अशी.

"समजतं, काकू," मी म्हणाले. त्यांनी चहा टाकला.

आयोगाच्या निकालाच्या कागदात शेवटी एक ओळ आहे की नवी माहिती पुढे आल्यास विचार करता येईल. एकाच भांड्याची ती गोष्ट मी दोन पानांत लिहून काढली आहे, माझ्या नावानिशी. काकांनी कॉलेजात बाहेर आणायला लावलेल्या लिस्टमधलं तेच नाव. त्याला महिना झाला. पानं पर्समध्ये आहेत, रोज ऑफिसला माझ्याबरोबर जातात आणि परत येतात. सही अजून केलेली नाही.