कुणी न मागितलेली जागा

रोझेल हार्डअवे आमच्या काळ्या लोकांच्या शायलो ग्रोव्ह चर्चच्या दाराशी उभा असला की वाऱ्यालासुद्धा परवानगी काढून आत यावं लागे. कडक इस्त्रीचा काळा सूट, पांढरे हातमोजे, डावा हात पाठीमागे. आलेल्या माणसाला बाकापर्यंत नेऊन बसवायचं, हे त्याचं काम. तोंडानं बोलायचं नाही, सगळं हातानं. तळवा वर केला की उठा, खाली केला की बसा, बोटं दाखवतील तिकडे सरका. एकदा प्रार्थना चालू असताना पास्टरची बायको उशिरा आली, तर या पठ्ठ्यानं तिलाही दारात ताटकळत ठेवलं. आठवडाभर कागदाच्या गिरणीत तो मुकादमाच्या शिव्या खायचा. रविवारी मात्र सगळी मंडळी त्याच्या हाताकडे बघून उठायची-बसायची. गिरणी बंद पडली, बायको गेली, गुडघे गेले, पण दार काही त्यानं सोडलं नाही. मी गाणाऱ्यांत मागच्या ओळीत उभी असते, त्यामुळे हे सगळं मला समोरून दिसतं. त्याचा तोरा बघून मी पुष्कळदा नाक मुरडलंय. पण खरं सांगते, तो तसा ताठ उभा असला की बरं वाटायचं.

त्याचा बाप जेसप वेगळा होता. मेन स्ट्रीटवर समोरून गोरं माणूस आलं की जेसप टोपी काढून फूटपाथवरून खाली उतरायचा. एकदा असाच तो चिखलात उतरला, तेव्हा लहानग्या रोझेलचा हात त्याच्या हातात होता. रोझेलनं तो हिसडा देऊन सोडवून घेतला. मोठा झाल्यावरही त्यानं बापाशी धड बोलणं ठेवलं नाही. "माझ्या बापाला कणा नव्हता," असं तो चारचौघांत म्हणायचा. जेसपला पुरून आल्यावर जेवायला बसलो, तेव्हासुद्धा म्हणाला. मी त्याच्या ताटात भाजी वाढत होते, माझा हात थांबला.

"अरे, मेलेल्याला तरी सोड," मी म्हटलं.

"मी जन्मात कुणासाठी खाली उतरणार नाही, अल्मेडा," तो म्हणाला आणि जेवू लागला.

मागच्या पानगळीत आमच्या पास्टरांना आणि कोर्टासमोरच्या गोऱ्यांच्या चर्चच्या पास्टरांना एक सुचलं. दोन्हीकडच्या लोकांनी महिन्यातून एकदा एकत्र जेवावं आणि मोकळेपणानं बोलावं. गुलामी, वेगळ्या शाळा, वेगळे नळ, कुणी काय सोसलं, आता काय चाललंय, सगळंच. माझं मत कुणी विचारलं नव्हतं, तरी मी दिलं, "साठ वर्षं शेजारी राहून जमलं नाही, ते आता कोंबडी खाऊन जमणार का?" पहिली बैठक आमच्याकडे ठरली. बोलणार होत्या मदर झेनोबिया क्रचर. नव्वदी उलटलेल्या, चर्चमध्ये सगळ्यांत वडीलधाऱ्या, म्हणून मदर. तिसऱ्या बाकाची वाटेकडची कड ही त्यांची जागा. तिथे त्यांची उशी असते, आणि आमच्यातलं अवखळातलं अवखळ पोरही त्या उशीला हात लावत नाही.

त्या संध्याकाळी मदर लवकर येऊन बसल्या होत्या. डोक्यावर जांभळी हॅट, मांडीवर पर्स. पुढचे बाक आमच्या माणसांनी भरले होते, मागचे रिकामे होते. मग दारात गोरी मंडळी आली. सगळ्यांत पुढे कार्लाइल म्हणून म्हातारं जोडपं, बाईंच्या हातात लिंबाचा केक. बिचाऱ्या दारातच घुटमळत होत्या. रोझेलनं पाठ ताठ केली, डावा हात मागे घेतला आणि त्यांना घेऊन मधल्या वाटेनं थेट पुढे आला. तिसऱ्या बाकाशी थांबला आणि तळवा वर केला.

मदर उठल्या. उशी त्यांच्या काखेत होतीच. रोझेलची बोटं दाखवत होती तिकडे, मागे, खांबाआडच्या बाकावर त्या जाऊन बसल्या. त्यांच्यामागोमाग त्या बाकावरचे बाकीचेही उठले. गोरी मंडळी आभार मानत बसली. जशी दर रविवारी उठबस होते तशीच झाली, आणि आमच्यातल्या कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

मग पास्टरांनी मदरना बोलायला बोलावलं. पास्टरांची नजर सवयीनं तिसऱ्या बाकाकडे गेली. तिथे कार्लाइलबाई.

"मदर कुठे आहेत आपल्या?"

"इथं मागं आहे," खांबाआडून आवाज आला.

कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. रोझेलनं आधी बाकाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. इतक्या वर्षांत त्याचा चेहरा तसा पडलेला मी पाहिला नव्हता. मदर काठी टेकत पुढे आल्या. तापानं फणफणलेलं पोर मांडीवर घेऊन डॉक्टरच्या मागच्या खोलीत, शेवटचा गोरा माणूस तपासून होईपर्यंत आपण कशा बसून होतो, ते त्यांनी सांगितलं. लोक रडले. रोझेल तिथे नव्हता. हातमोजे दाराजवळच्या खिडकीत ठेवून तो निघून गेला होता.

पुढचे काही रविवार दार मोकळं राहिलं, आणि चर्चमध्ये जो तो रोझेललाच नावं ठेवत होता. शेवटी मी चवळीची उसळ आणि मक्याचा पाव घेऊन त्याच्या घरी गेले. भरदिवसा पडदे ओढून बसला होता.

"मेलास का जिवंत आहेस, बघायला आले."

"मेलो असतो तर सुटलो असतो."

"नाटकं पुरे. पाहुण्यांना पुढं बसवलंस, एवढंच ना?"

"त्याआधी नदीपलीकडच्या चर्चचे लोक पाहुणे आले होते. आपलेच, काळे. त्यांना कुठं बसवलं मी?"

मागे बसवलं होतं. मला चांगलं आठवत होतं.

"हात आपोआप वर गेला गं," तो म्हणाला. हात मांडीवर पालथा टाकून त्याच्याकडेच बघत होता. "बापाला निदान भीती होती. तो उतरला नसता तर गोऱ्यांनी त्याला झाडाला टांगलं असतं. मला कसली भीती होती? त्या बाईंच्या केकची?"

मला हसू आलं, ते मी गिळलं.

"जन्मभर त्याला बिनकण्याचा म्हणालो. आता कुठल्या तोंडानं त्याच्या थडग्यावर जाऊ?"

"थडगं कुठं पळून चाललंय? आधी मदरकडे जा."

"तिथं तर मुळीच नाही."

दुसरी बैठक गोऱ्यांच्या चर्चमध्ये होती. माझी गाडी बिघडलीय अशी थाप मारून मी रोझेलला मला तिथवर सोडायला लावलं आणि दारातून दंड धरून आत ओढलं. आम्ही अगदी मागे बसलो. मदर पुढे होत्या. आज कोण सुरुवात करणार, असं तिथल्या पास्टरांनी विचारलं आणि हा उभा राहिला. मला वाटलं पळतोय. पण त्यानं सगळं सांगितलं. चिखलातला बाप, हिसडून घेतलेला हात, तिसरा बाक. शरमेनं त्याची मान वर होत नव्हती.

कार्लाइलबाई लालबुंद झाल्या. "अहो, पण आम्ही कुठंही बसलो असतो! आम्ही ती जागा मागितली नव्हती."

"तेच तर, बाई," रोझेल म्हणाला. "कुणीच मागितली नव्हती." मग पुढे बघून म्हणाला, "मदर, माफ करा म्हणायलाही मला तोंड नाही."

मदर बाकावरच वळल्या. "बस खाली, लेकरा. आता माझं ऐक. दवाखान्याची गोष्ट मी त्या दिवशी आरशासमोर चारदा म्हणून पाहिली होती. आता कुणी मला थांबवून दाखवा, असा तोरा होता माझा. आणि ही माणसं दारात दिसली, तशी मी उशी उचलली. तुझा हात वर व्हायच्या आधी, रोझेल. तू दारातच होतास तेव्हा. नंतर सगळ्यांनी तुला नावं ठेवली, आणि मी तोंड मिटून ऐकत राहिले."

एवढं बोलून त्या पुढे वळल्या आणि हॅट सरळ केली. मग सगळे जेवायला उठले.

पुढच्या रविवारी रोझेल दाराशी होता, हातमोजे घालून. मदर आल्या. त्याचा हात सवयीनं उठला.

"हात नको," मदर म्हणाल्या. "तोंडानं विचार."

त्या दारात उभं राहून तो आजवर एक शब्द बोलला नव्हता. त्यानं दोनदा घसा खाकरला. "मदर, कुठं बसणार?"

मदरनी तिसऱ्या बाकाकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, परत बाकाकडे पाहिलं. मागे रांग लागली, आम्ही गाणं धरायचं थांबलो. कुठं बसायचं, हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं, आणि रोझेल हात मागे घेऊन थांबून राहिला.