भित्री मॅडम

आमच्या कम्प्युटरच्या मॅडम दाराकडे पाठ करून कधीच बसल्या नाहीत. क्लासची खोली ती केवढी, चार मशिनी आणि एक पंखा. पंख्याखालची जागा सोडून त्या कोपऱ्यात घामाघूम होत बसायच्या, पण नजर दारावर. जिन्यात चप्पल वाजली की त्यांचं बोलणं मध्येच थांबायचं. ओळखीचं माणूस निघालं की पुढचं वाक्य सुरू. आम्ही पोरी मागून त्यांना 'भित्री मॅडम' म्हणायचो. म्हणणार नाही तर काय? आमच्याकडे वाघाच्या रानात बायका सरपणाला जातात, आणि या बाई चपलेच्या आवाजाला भ्यायच्या.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट, चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावातली. कम्प्युटर शिकलं की नोकरी लागते, असं तेव्हा धानाच्या बांधीवरसुद्धा बोललं जायचं. माझ्या बाबांनी ते ऐकलं आणि मला क्लासला घातलं. तिथं सकूबाईही यायच्या, पन्नाशीच्या, तलावात मासे धरणाऱ्या घरातल्या. मच्छीमार सोसायटीनं मशीन घेतली होती आणि तिला हात लावायला सकूबाईंशिवाय कोणी धजत नव्हतं.

मॅडम मूळच्या कुठल्या, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. आमच्यासारखं 'मले-तुले' बोलायला त्या शिकल्या होत्या, पण दचकल्या की तोंडातून 'मला' निघून जायचं. पहिल्या दिवशी त्यांनी चारही मशिनींच्या वायरी एका डबीत खोचल्या आणि मी माझ्या मशिनीवर लिहिलेलं नाव सकूबाईंच्या मशिनीवर उघडून दाखवलं. आम्ही टाळ्या पिटल्या. मॅडम मात्र म्हणाल्या, "लय खूश नोका होऊ. वायर एकच आहे, पण रस्ता दोन्हीकडून असते. तुमी तिकडं पाहून राह्यले, तं तिकडून कोणी तुमच्याकडं पाहून राह्यलं असन." संध्याकाळी निघताना त्या टेलिफोनची वायर मोडेममधून काढून टाकायच्या. बंद मशिनीला कोण काय करणार, असं मी विचारलं, तर नुसतं "राहू दे" म्हणाल्या.

पासवर्ड शिकवला तोही असाच. आधी सगळ्यांना आपापला ठेवायला लावला. मग सकूबाईंसोबत चहा घेत बसल्या. नातवंडं किती, लाडका कोणता, त्याला घरी काय म्हणता. चहा संपायच्या आत सकूबाईंची फाइल उघडलेली. सकूबाईंनी कपाळावर हात मारला. "माय वं, मीच सांगून बसली."

"सगळे असेच सांगते," मॅडम म्हणाल्या. "कुलूप कोणी तोडत नाई. गोड बोलते, अन् आपूनच चाबी देऊन देतो. कोणी काही विचारलं तं आधी त्यालेच विचारा, तू कोन, तुले कायले पाह्यजे." हे त्या रोज म्हणायच्या. आम्हाला कंटाळा येईपर्यंत म्हणायच्या.

एका दुपारी लाइन गेली. खोलीत आम्ही दोघीच होतो. मी थट्टेतच विचारलं, "मॅडम, तुमी येवढ्या कायले भेता?"

त्यांनी आधी जिन्याकडे पाहून घेतलं. मग म्हणाल्या, "नवऱ्याला भिते. मी पळून आलेय. सापडले तर जिवंत सोडणार नाही, असं त्याने माझ्या माहेरी निरोप धाडून सांगितलंय." पदर सरकवून त्यांनी गळ्यावरचा वण दाखवला. 'भित्री मॅडम' हे नाव त्या दिवसानंतर माझ्या तोंडातून निघालं नाही आणि जिन्यात पाऊल वाजलं की आता मीही दाराकडे बघू लागले.

अशात क्लासच्या मालकभाऊंनी हौसेनं वेबसाइट करून घेतली. माणूस भला, पण त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. पहिल्याच पानावर फळ्यासमोर उभ्या मॅडम, खाली गावाचं नाव आणि फोन नंबर. "पाहा मॅडम, तुमचा फोटो आता दिल्लीत दिसन." मॅडम खुर्चीत बसल्या त्या उठेचनात. मॅडमनी नवऱ्याचं सगळं सांगितलं तेव्हा मालकभाऊ रडायचेच बाकी राहिले. पान त्याच दिवशी काढलं, पण तोवर किती जणांनी पाहिलं, कोणी उतरवून ठेवलं, हे कोण सांगणार?

आठवडा झाला नसेल, क्लासचा फोन वाजला. मी उचलला. आवाज भारी मऊ. "ताई, मी मॅडमचा भाऊ बोलतोय. आईचं काही खरं नाही. त्या आहेत ना तिथं?"

माझी जीभ 'हो' म्हणायला निघालीच होती. खरंच आई मरत असली तर? "तुमचं नाव सांगा भाऊ, नंबर द्या," मी म्हटलं, "मी विचारून तुमाले फोन करीन."

आवाजातला मऊपणा गेला. "जास्त शहाणपणा करू नकोस. उद्या येतोय मी." फोन आपटला.

मॅडम त्याच दुपारी एक पिशवी घेऊन निघाल्या. मी बसपर्यंत सोबत येते म्हटलं, तर नको म्हणाल्या. "कोणती बस धरली हे तुले माईतच नसलं, तं तुयाकडून कोणी काढून घेऊ शकत नाई." माझ्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. गार पडला होता तो.

दुसऱ्या दिवशी तो आला. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा डबा. दारात उभा राहून फोनवरच्याच मऊ आवाजात म्हणाला, "मॅडम कुठं आहेत?" आम्ही सगळ्यांनी माना स्क्रीनमध्ये घातल्या.

"मीच शिकवतो इथी," सकूबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "तुमी कोन, ते सांगा आधी."

तो त्यांच्या लुगड्याकडे, मग माऊसवरच्या हाताकडे बघत राहिला. टेबलाखाली सकूबाईंच्या दुसऱ्या हातानं माझी बोटं करकचून आवळली होती. बऱ्याच वेळानं तो जिना उतरला. पुढे काही दिवस बसस्टँडवर घिरट्या घालताना दिसायचा. गावानं त्याला काही सांगितलं नाही.

आता मीही मुलांना कम्प्युटर शिकवते. माणूस शोधायला आता जिना चढावा लागत नाही, नाव टाकलं की फोटो, गाव, नोकरी सगळं समोर येतं. मॅडम आहेत का, कुठं आहेत, निवांत झोपतात का, हे कळावं म्हणून माझा जीव तुटतो. त्यांच्या नावाची पहिली अक्षरं मी कितीदा टाइप केली आणि पुसली. मला सापडल्या तर त्यालाही सापडतील, म्हणून मी त्यांना शोधत नाही.