वेल्डरची अरदास

ट्रक दुरुस्तीच्या गल्लीत त्याला सगळे 'हाफ क्लच' म्हणत. नाव ड्रायव्हर लोकांनी ठेवलेलं, तेव्हा त्यात माया किती आणि टवाळी किती, हे विचारू नये. तो वेल्डर होता. तुटलेली चेसिस त्याच्या हाताखालून गेली की पुन्हा त्या जागी तुटण्याची बिशाद नव्हती. पण बोलायला लागला की पहिल्याच अक्षराला गाडी अडायची. मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे आणि समोरचा माणूस उगाचच स्वतःच्या चपलांकडे बघत बसायचा.

त्याच्या बायकोला हीच गल्ली 'रेडिओ' म्हणायची. लग्न झाल्यापासून ती त्याची जीभ झाली होती. दुकानात, बँकेत, दवाखान्यात, तो अडला रे अडला की ही शब्द पुढे करायची. "त्यांना म्हणायचंय की..." हे तिचं पालुपद. त्याला नेमकं तेच म्हणायचं असायचं, असं काही नाही. एकदा दुखत होता डावा गुडघा आणि हिने डॉक्टरांकडून मलम घेतलं उजव्यासाठी. तो बिचारा गुपचूप दोन्हींना लावत राहिला.

शिखांच्या पाचव्या गुरूंचा शहीद दिवस जवळ आला, तेव्हा गुरुद्वाऱ्यात ग्रंथ वाचणाऱ्या ग्रंथीबाबांनी विचारलं, "यंदा अरदास कोण करणार?" अरदास म्हणजे सगळ्या संगतीने, जमलेल्या मंडळींनी, उभं राहून करायची प्रार्थना. एकजण पुढे उभा राहून बोलतो, गुरूंची, शहिदांची आठवण काढतो आणि तो थांबला की मागून सगळे 'वाहेगुरू' म्हणतात. ती कोणीही करावी, मोठा-छोटा भेद नाही. तरीही वेल्डरचा हात वर गेला तेव्हा सगळ्यांना खोकला आला.

दुसऱ्याच दिवशी गुरुद्वाऱ्याचे सेक्रेटरीसाहेब घरी हजर. "वहिनी, तुम्हीच समजवा त्यांना. पाहुणे येणार, शेजारपाजारचे येणार. माणूस लाखमोलाचा आहे हो, पण..." त्या 'पण'च्या पुढे ते गेले नाहीत. खरं सांगायचं तर बायकोलाही तीच धास्ती होती. आपल्या माणसाला लोक हसले तर? दुपारी डबा घेऊन ती वर्कशॉपमध्ये गेली ती मनात ठरवूनच.

तो लालभडक पट्टी चिमट्यात धरून वाकवत होता. तिने विषय काढताच त्याने काळी काच कपाळावर सरकवली.

"लो... लो..." तो अडला. शब्द पुरवायला तिने तोंड उघडलं. त्याने तळवा दाखवून तिला थांबवलं. "लोखंड तापलं की वाकतं. मी रोज वाकवतो. गुरूंना तापल्या तव्यावर बसवलं. वरून तापलेली वा... वाळू. ते वाकले नाहीत. शाप दिला नाही, सुटका मागितली नाही. देवाची मर्जी गोड मानली. लोक म्हणतात, केवढं सोसलं. मला वाटतं, केवढा निवांत मा... माणूस! त्यांची आठवण मी दुसऱ्याच्या तोंडून काढू?"

इतकं लांबलचक तो लग्न ठरतानाही बोलला नव्हता.

"अहो, पण अडलात तर?"

"अडेन की. फक्त त्या दिवशी मला शब्द देऊ नकोस."

त्या दिवशी हॉल गच्च भरला होता. संगतीकडे पाठ करून, ग्रंथसाहिबांपुढे हात जोडून तो उभा राहिला. सुरुवात झाली आणि एका गुरूंच्या नावाच्या मध्यावरच तो अडला. सवयीने संगतीला वाटलं, थांबला. "वाहेगुरू!" अख्खा हॉल गरजला. अर्धं नाव तसंच लोंबकळत राहिलं. मागे कोणीतरी फिसकन हसलं. पुढच्या ओळीला पुन्हा तेच. बायकांच्या बाजूला उभ्या असलेल्या तिला फक्त त्याचे लाल झालेले कान दिसत होते. सेक्रेटरी डोळ्यांनी खुणावत होते, वहिनी, सांभाळा! तिने ओढणीचं टोक दातांत धरलं.

त्याने घाई केली नाही. मागचा गजर संपू दिला, उरलेलं अर्धं नाव उच्चारलं आणि पुढे निघाला. मग शहिदांचा भाग आला. एरवी हा भाग भरधाव निघून जातो. सगळ्यांना पाठ, त्यामुळे ऐकत कोणीच नाही. आज ज्यांना करवतीने चिरलं त्यांच्यापाशी तो अडला आणि संगतीला तिथे उभं राहावं लागलं. ज्यांना चाकावर बांधून मारलं त्यांच्यापाशी अडला, तिथेही उभं राहावं लागलं. हसणारा कधीच गप्प झाला होता. एका म्हाताऱ्याने डोळे पुसले.

"ज्यांनी शीर दिलं, पण धर्म..."

आणि तो पार अडकला. या वेळी कोणी 'वाहेगुरू' म्हटलं नाही. तो थांबलेला नाही, अडकलाय, हे आता सगळ्यांना कळत होतं. पुढचे शब्द तिथल्या प्रत्येकाच्या जिभेवर होते. तिच्या तर ओठांवर होते. त्याचे जोडलेले हात खाली आले नव्हते, मान वळली नव्हती, मदतीसाठी त्याने मागे पाहिलं नव्हतं. असा माणूस आपल्या वाट्याला आला, या विचाराने तिची छाती भरून आली. आजवर आपण त्याला कधी शेवटपर्यंत बोलूच दिलं नाही, हेही त्याच क्षणी तिला टोचलं. तिने ओठ घट्ट मिटले.

"...सोडला नाही."

आवाज खणखणीत, भिंतीपर्यंत गेलेला.

"वाहेगुरू!" असा गजर झाला की खिडक्यांच्या काचा वाजल्या. सेक्रेटरीसाहेबांचा आवाज त्यात सगळ्यांत वरचा. फक्त रेडिओच्या तोंडून काही शब्द फुटेना. तिने दोनदा प्रयत्न केला, दोन्हीदा पहिल्याच अक्षराला गाडी अडली, आणि ती तशीच उभी राहिली.