पायऱ्या उतरलेली खुर्ची

न्हाव्याची खुर्ची एसटीच्या टपावर चढत होती आणि मी खाली उभा राहून फक्त सूचना देत होतो. घरात आजही माझं काम तेच असल्यामुळे मुलांना इथपर्यंतची हकिकत लगेच पटते.

बहात्तरचा दुष्काळ होता. मी, सुलभा आणि घोरपडे, तिघेही नवे शिकाऊ दंतवैद्य, पारनेर तालुक्यातल्या एका गावी शिबिराला निघालो होतो. दात काढायला रोग्याचं डोकं टेकायला हवं, म्हणून पारनेरच्या न्हाव्याकडून खुर्ची मागून आणलेली.

"हिचं तिकीट?" कंडक्टर म्हणाला.

"ती कुठं बसतेय? तिच्यावर बसतात," घोरपडे म्हणाला.

दोन्ही बाजूंना करपलेला माळ आणि खडी फोडणारी माणसं. गावात सरपंचांनी मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर जागा दिली. खुर्ची मांडली, स्टोव्हवर चिमटे उकळले, पुरुषांची रांग लागली.

ओट्याखाली उन्हात एक बाई उभी होती. गाल लिंबाएवढा सुजलेला. मार्थाबाई. घराणं केव्हाच ख्रिस्ती झालेलं, पण वस्ती गावाबाहेरच आणि ओटा बंदच.

"तिला मागं शाळंच्या पडवीत बघा, समदं उरकल्यावर," सरपंच म्हणाले.

"मागं कशाला? दुखणं काय चोरून आणलंय व्हय?" मार्थाबाई सुजल्या तोंडानंच म्हणाली. "चार रात्री डोळा न्हाई. हितंच बघा, न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

मी घसा खाकरून, दोन्ही बाजू सांभाळणारं काहीतरी बोलणार होतो. तेवढ्यात सुलभाने खुर्चीचा एक हात धरला. "सूचना पुरे. उचल."

"खुर्ची खाली गेली तर पुन्ना वर येनार न्हाई," सरपंच म्हणाले.

"नको येऊ दे," सुलभा म्हणाली.

पायऱ्यांवर माझा अंगठा चेंगरला. कडुनिंबाखाली खुर्ची टेकली, मार्थाबाई बसली, मी तिचं डोकं धरलं. सुलभाने सुई दिली, दाढ हलवली, काढली.

"झालं?" मार्थाबाईने डोळे उघडले. "मंग हे डाक्टर माजं डोकं का सोडंनात?"

वरून एकजण गाल धरून उठला, सरपंचांकडे बघून परत बसला. दुपारपर्यंत रांग पांगली. गावातून येणारं जेवणही आलं नाही. मार्थाबाईने मात्र फडक्यात बांधलेल्या भाकरी पुढे केल्या. "मला हुलग्याचं पातळ माडगं पुरतंय. मला आज चावायचं न्हाई, तुमी चावा."

परतल्यावर आम्हाला शिबिराला पाठवणारे कॉलेजातले सर कडाडले, "एवढा प्रवास, आणि एकच दाढ?"

"हो सर," मी म्हणालो. "पुन्हा पाठवलंत तरी खुर्ची खालीच मांडू." आयुष्यात एवढं सरळ वाक्य मी तेव्हाच बोललो असेन.

आता माझा दवाखाना रस्त्याला लागून आहे, एकही पायरी नसलेला. बायको म्हणते, दिवसभर धूळ आत येते.

येऊ दे.