न्हावी परत गेला तो रविवार

आई गेल्यावर वडिलांनी अक्काला धुळ्याच्या एका आश्रमात ठेवायचं ठरवलं, तेव्हा मी विरोध केला नाही. हे आधीच सांगून टाकते. अक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तिला दहाच्या पुढे मोजता येत नसे, रस्ता एकटीनं ओलांडता येत नसे. पण माझी शाळा संपेपर्यंत रोज माझ्या वेण्या तिनंच घातल्या. भांग असा सरळ पाडायची, की लग्न असलं की गल्लीतल्या बायका तिला हाताला धरून घेऊन जात. तिचे स्वतःचे केस कमरेच्या खाली होते.

मी तेव्हा नुकतीच जळगावात शिक्षिका झाले होते आणि पिंप्राळ्यात खोली घेऊन राहत होते. महिन्याभरात एका रविवारी एसटीनं धुळ्याला गेले. ओसरीवर चाळीसेक बायका बसलेल्या. सगळ्यांच्या अंगात एकसारखे झगे, सगळ्यांची डोकी तासलेली. मी अक्काला ओळखलं नाही. तिनंच मला ओळखलं. जवळ आली आणि माझी वेणी हातात धरून उभी राहिली.

"उवा होतात हो बाई," तिथल्या सेविका मावशी म्हणाल्या. बाई वाईट नव्हत्या. त्या धरून दोघीच जणी चाळीस जणींचं सगळं काढत होत्या. "विंचरणार कोण? महिन्याच्या पहिल्या रविवारी न्हावी येतो. सुटतं एकदाचं."

मी तशीच अधीक्षकांकडे गेले. ते म्हणाले, "यांना त्याचं काय? यांना कुठं कळतंय?"

"कळत नसतं, तर ती माझी वेणी धरून उभी राहिली नसती साहेब."

त्यांनी माझ्या वेणीकडे पाहिलं. मग म्हणाले, "दहा जणी निवडा. तीन महिने न्हावी त्यांना हात लावणार नाही. तीन महिन्यांनी मी स्वतः बघीन. एक जरी ऊ निघाली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

अक्का धरून दहा जणी निवडल्या आणि दर रविवारी मी फणी, करंजाचं तेल आणि कडुनिंबाचा पाला घेऊन जाऊ लागले. सगळं मीच करणार, अशी माझी घमेंड होती. केस फणीत येण्याइतके वाढले, त्या पहिल्याच दिवशी एका थोराड बाईनं माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला. मी रडकुंडीला आले. तेवढ्यात अक्कानं माझ्या हातातली फणी काढून घेतली, त्या बाईच्या मागे जाऊन बसली आणि आमच्या घरच्या बोलीत म्हणाली, "बठ. माय करे तसं करस." आई करायची तसंच करते. ती बाई बसली! डोळे मिटून बसली.

त्या दिवसापासून फणी अक्काकडे गेली. मी जळगावला परतले, तरी तिचं काम रोज चालू राहायचं. बघून बघून बाकीच्या शिकल्या. दुपारी ओसरीवर एकीमागे एक अशी रांग लागायची. दुसऱ्या महिन्यात एकीच्या डोक्यात ऊ निघाली. मावशींनी ती नखावर चिरडली आणि म्हणाल्या, "काढली ना? मग साहेबांना कशाला सांगायचं?" तेव्हा कळलं, की आता मी एकटी नाही.

ठरल्या रविवारी साहेबांनी खुर्ची मागवली. मांडीवर पांढरा कागद पसरून दहाही डोकी एकेक करून विंचरली. कागद कोरा राहिला. तेवढ्यात न्हावी आला आणि सवयीनं धोकटी उघडून वस्तरा परजू लागला. आमच्या दहा जणींशी त्याला काही घेणं नव्हतं, तो उरलेल्यांसाठी आला होता. पण अक्का उठून त्याच्यासमोर गेली. आयुष्यात तिनं कुणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

"नको भाऊ," ती म्हणाली. मग मागे बसलेल्या सगळ्या बायकांकडे हात केला. "कोन्हाच नको."

तिच्यामागोमाग सगळ्या उठल्या. ज्यांना बोलता येत नव्हतं, त्यांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. न्हाव्यानं साहेबांकडे पाहिलं. साहेब उठले आणि त्यांनी स्वतः त्याच्या हातातला वस्तरा घेऊन मिटला आणि परत दिला.

"जा बाबा. आता बोलावल्याशिवाय येऊ नकोस."

मावशी तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि रडतही होत्या. मी तर अक्काला उचलूनच घेतलं असतं, पण ती जड होती.

मग एकेक गोष्ट सुटत गेली. झग्यांच्या जागी लुगडी आली, प्रत्येकीची वेगळी, जिच्या तिच्या पसंतीची. कपडे ठेवायला प्रत्येकीला पेटी मिळाली. दोन वर्षांनी चैत्रात साहेबांनीच सगळ्यांना देवीच्या जत्रेला पाठवलं. अंबाड्यांवर गजरे, हातात बांगड्या, अशा चाळीस बायका पांझरेच्या काठानं चालल्या होत्या. एका दुकानदारानं कौतुकानं विचारलं, "कुठलं वऱ्हाड म्हणायचं हे?"

अक्का मान ताठ करून म्हणाली, "आम्हनं!" आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागली.