वर्नाचे कागदी घोडे

मोंटानातली वर्ना हॉगन घोड्यांना नाल ठोकून पोट भरायची आणि काउबॉयांच्या चित्रांच्या मोजक्याच छापलेल्या, चित्रकाराची सही असलेल्या प्रती जमवायची. एका दुपारी तिचा भाऊ क्लेटन दारू पिऊन आला आणि फावड्यानं भिंतीवरची काचेच्या चौकटीतली चित्रं फोडत सुटला.

"बापाचे खरे घोडे घालवून हे कागदी घोडे नाचवतेस होय गं?"

"ते तू दारूत घालवलेस, क्लेट. फावडं टाक."

त्यानं ते तिच्याच खांद्यावर हाणलं. वर्नानं नालांचा हातोडा उचलून त्याचा गुडघा फोडला. तो गुरासारखा हंबरत काचांवर कोसळला.

दवाखान्यात त्याला तिनंच नेलं. तो कायमचा लंगडा झाला. फाटलेली, रक्ताळलेली चित्रं तिनं जाळली. उरलेल्या चार चित्रांखाली बसून दोघं दर रविवारी जेवायची, पण एकमेकांशी बोलायची नाहीत.