गोविंदानं लावलेली जोड

गोविंदाचं दुकान गावाच्या मधोमध होतं. वडनेर भोलजीवरून आत वळलं की शेवटी हे गाव लागतं. एकीकडे वरचं वेटाळ, म्हणजे वरची वस्ती, दुसरीकडे खालचं, आणि मध्ये पाण्याच्या टाकीखाली हे एका शटरचं दुकान. पूर्वी तिथे बियाणं विकत, म्हणून भिंतीवर कपाशीच्या बोंडाचं चित्र अजून होतं. चित्राखाली दोन टीव्ही, गेमची दोन मशीन, चार रिमोट आणि एक लांब बाकडं. गोविंदा तरुणपणी खामगावात गेम पार्लरमध्ये कामाला होता. पार्लर बंद पडलं तेव्हा मालकानं जुनी मशीन त्यालाच देऊन टाकली. ती घेऊन तो गावी आला आणि तेव्हापासून ‘गेमवाला गोविंदादादा’ झाला.

गेम बरेच होते, पण गर्दी एकाच गेमला. त्यात चार वेगवेगळ्या गेममधले लढवय्ये एका मैदानात येत. लहान पोरांच्या गेममधला उड्या मारणारा बेडूक तिथे होता. भुताटकीच्या गेममधला लोखंडी हातांचा राक्षस होता, त्याला सगळे ‘लोखंड्या’ म्हणत. एक छत्रीवाली शाळकरी पोरगीही होती, ती छत्री उघडून वार झेलायची. प्रत्येक जण आपल्या गावची रीत घेऊन यायचा. बेडूक इथेही उड्याच मारायचा, राक्षस इथेही आगच ओकायचा. नवीन माणूस म्हणायचा, “बेडूक काय लढंल बे याच्याशी?” आणि तोच बेडूक टुणकन डोक्यावरून पलीकडे जाऊन राक्षसाला मागून लाथ घालायचा, तेव्हा अख्खं बाकडं ओरडायचं. जे एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहिले नसते ते समोरासमोर येतात, खरी मजा त्यात होती.

दुसरी मजा जोडीदाराची. प्रत्येकानं दोन लढवय्ये घ्यायचे. पडद्यावर वरती ज्याचा-त्याचा जीव पट्टीनं दाखवत, त्या पट्टीला पोट्टे ‘तेल’ म्हणायचे. एकाचं तेल कमी झालं की बटण दाबायचं. मागचा उडी मारून पुढे येतो आणि थकलेला मागे जाऊन दम खातो. चौघं खेळणारे असले तर दोघं-दोघं एका बाजूनं, प्रत्येकाकडे एकच लढवय्या, आणि मग आपला दम खाणं दुसऱ्याच्या बोटावर.

कोणी कोणाशी खेळायचं हे गोविंदा ठरवायचा. त्याचे काका जत्रेच्या दंगलीत पहिलवानांच्या जोड्या लावत. वजन, वय, हाताची पकड बघून बरोबरीचे दोघे ते निवडत. गोविंदा उलटं करायचा. तरबेज खेळणाऱ्याच्या हाती बेडूक द्यायचा, शिकाऊच्या हाती लोखंड्या. तेल शेवटच्या थेंबापर्यंत पुरलं पाहिजे, निकाल आधी कळता कामा नये, एवढंच तो बघायचा.

ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली आणि बाकड्यावर मध्ये जागा पडू लागली.

वरच्या वेटाळाचं पॅनल वामनरावांचं. प्रेम त्यांचा पुतण्या. खालचं पॅनल सरपंच पुष्पाबाईंचं, आणि शेखर त्यांचा मुलगा. प्रेम आणि शेखर गोविंदाकडचे सगळ्यात चांगले खेळणारे. आधी एकमेकांच्या हातातले भजे पळवणारे, आता बाकड्याच्या दोन टोकांना बसू लागले. खेळताना शिव्या बंद झाल्या. हरलेला हसेनासा झाला. जे कधी खेळले नाहीत असे थोराड लोक येऊन मागे उभे राहू लागले. ते टीव्हीकडे बघत नसत, खेळणाऱ्यांच्या मानेकडे बघत. एके सकाळी गोविंदानं शटर उघडलं तर एका रिमोटची वायर कापलेली होती. उंदरानं कुरतडलेली नव्हे. ब्लेडनं, सरळ.

बायको अन्नपूर्णा म्हणाली, “बंद करा ना हे थोडे दिवस.”

“बंद केलं तर दोन्ही वेटाळं बसतीन कुठी?” गोविंदा म्हणाला. “पिठाच्या गिरण्या दोन झाल्या. चहाची हॉटेलं दोन झाली. भजनी मंडळंही दोन. इथंच तेवढे एका बाकड्यावर बसून राह्यले.”

“बसून राह्यले, पण कसे बसून राह्यले ते पाहा.”

दुकान जाईल याची त्याला तेवढी भीती नव्हती. हे बाकडं मोडलं तर गाव पुन्हा कुठे एकत्र बसणार नाही, असं त्याला आतून वाटत होतं.

त्या वर्षी जत्रेतली कुस्त्यांची दंगल आधीच रद्द झाली. पंच कोण, हेच ठरलं नाही. मग दोन्हीकडची माणसं एकाच संध्याकाळी वेगवेगळी गोविंदाकडे आली. मागणं मात्र एकच होतं. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, समाजमंदिरात, मोठ्या पडद्यावर, प्रेम विरुद्ध शेखर. पंच गोविंदा.

“गेम हाय दादा, रक्त थोडंच निघते?” वामनरावांचा माणूस हसत म्हणाला.

खालच्या वेटाळाचा माणूस हसलाही नाही. “तुम्ही नाई म्हणसान तर आम्ही समजू तुम्ही कोणाचे हा ते.”

गोविंदानं हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तरी सामना झालाच असता, आणि मग पंच दुसराच कोणी असता.

त्या दिवशी समाजमंदिराच्या खिडक्यांना ताडपत्र्या लावल्या होत्या. आत अंधार आणि उकाडा. डावीकडे पुढच्या खुर्चीवर वामनराव, उजवीकडे पुष्पाबाई. मधली वाट मोकळी, तिच्यात एक लेकरूही बसलं नव्हतं. गोविंदा वायर जोडत होता तेव्हा त्याला दाराशी मांडवाच्या बांबूंचा भारा दिसला. मांडव तर शाळेपुढे होता. बांबू इथे कोणी आणले? भाऱ्याजवळ उभे असलेले लोक पडद्याकडे पाठ करून एकमेकांना निरखत होते. प्रेम जिंकला तर काय होईल हे गोविंदाला कळलं. शेखर जिंकला तर काय होईल तेही कळलं. दोन्हीचं उत्तर दाराशीच उभं होतं.

पण दंगलीची एक रीत तो काकांच्या मागे फिरून शिकला होता. जोड लावली की पंच दोघांचे हात धरून त्यांना मैदानभर फिरवतो आणि लोकांना विचारतो. फेरी पुरी होईपर्यंत कोणीही हरकत घ्यावी. फेरी झाली की कुस्ती कशी लावायची ते पंच सांगेल तसं, मग त्याचा शब्द देवापुढचा शब्द. जत्रेत तो मोडलेला कोणी पाहिला नव्हता.

त्यानं प्रेमचा एक हात धरला, शेखरचा एक. दोघांचे हात घामानं ओले होते.

“काय करून राह्यले दादा?” शेखर पुटपुटला.

“रीत. चूप चाल.”

मधल्या मोकळ्या वाटेनं तिघं मागपर्यंत गेले, बांबूंजवळून वळले, भिंतीकडेनं पुढे आले. “या दोघायची जोड कबूल?” गोविंदा विचारत होता. वामनरावांनी मान हलवली. पुष्पाबाईंनी पदर सावरत म्हटलं, “कबूल.”

फेरी पुरी झाली. गोविंदानं दोघांना शेजारी-शेजारी बसवलं आणि म्हणाला, “हे दोघं एका बाजूनं खेळतीन. समोर मशीन.”

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग मागून कोणीतरी ओरडलं, “हे काय ठरलं होतं का?”

“फेरी झाली,” गोविंदा म्हणाला. “आता नाई मोडता येत.”

जत्रेचा देव हाकेच्या अंतरावर होता. कोणी पुढे झालं नाही.

गोविंदानं प्रेमला बेडूक दिला, शेखरला छत्रीवाली. समोर मशीनचा लोखंड्या. पहिल्या डावात बेडकाचं तेल संपत आलं तरी प्रेमनं शेखरला बोलावलं नाही. बेडूक पडला. मग एकट्या छत्रीवालीचंही तेल संपलं. दुसऱ्या डावातही तसंच होऊ लागलं. बेडकाचं तेल थेंबभर उरलं, राक्षसानं आग ओकायला तोंड उघडलं, आणि प्रेमचा अंगठा आपोआप बटणावर गेला. छत्रीवाली उडी मारून पुढे आली, छत्री उघडली, आग तिच्यावरून दोन्ही बाजूंना सांडली.

“अबे आता घे ना!” प्रेम ओरडला.

“घेतलं बे! तू मांगं हो, तेल भर!”

“भरलं! सोड मले!”

“थांब ना येड्या, पडू दे त्याले!”

दोघं खांद्याला खांदा लावून पुढे झुकले होते. बाजूला कोण बसलंय हे विसरले होते. उजवीकडून एक लेकरू हसलं, मग डावीकडून दोन. तिसऱ्या डावात बेडूक राक्षसाच्या डोक्यावर चढला, प्रेमनं बटण दाबलं, खालून छत्री लागली, आणि लोखंड्या आडवा झाला. शेखरनं प्रेमच्या पाठीत धपाटा घातला आणि प्रेम जोरात हसला.

मोठ्यांपैकी मात्र कोणीच हसलं नाही. पुष्पाबाई उठल्या. वामनराव उठले. मोकळ्या वाटेच्या दोन्ही काठांवरून त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, निवडणूक लागल्यापासून पहिल्यांदाच. वामनरावांनी हळूच मान हलवली, बाईंनीही. गोविंदानं ते पाहिलं. भांडणाऱ्या माणसांची नजर त्याला ओळखीची होती. ही ती नव्हती; ही सौदा जमलेल्यांची होती.

टाळी न वाजता समाजमंदिर रिकामं झालं. कोणाचं डोकं फुटलं नाही. अन्नपूर्णा म्हणाली, “वाचलो बाप्पा.” गोविंदा रिमोटच्या वायरी गुंडाळत राहिला.

सकाळी कळलं की प्रेमला धामणगाव बढ्याला मामाकडे पाठवलं आणि शेखरला खामगावला आत्याकडे. चहा व्हायच्या आत दुकानापुढे दोन मोटारसायकली येऊन थांबल्या. एक वरून आली होती, एक खालून. दोघं उतरले, एकमेकांना रामराम केला.

“दादा, शटर पाडा.”

“कोण म्हणते?”

“दोघंही.”

“निवडणुकीपुरतं?”

एकानं बाकडं उचलून आत सरकवलं, दुसऱ्यानं शटर खाली ओढलं. मग दोघांनीही खिशातून आपापलं कुलूप काढलं. एक डाव्या कडीला लागलं, एक उजव्या. आणि एक किल्ली वरच्या वेटाळात गेली, दुसरी खालच्या.